भाऊसाहेबांचा एकांतवास

शुक्रवारी संध्याकाळी सूनबाई दोन हातांत दोन पिंजरे घेऊन दारात उभी राहिली. सासूबाईंनी आधी पिंजऱ्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि आत जाऊन स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

"किती दिवस?" दाराआडून प्रश्न आला.

"सोमवार सकाळपर्यंत, आई. प्रयोगशाळेतलं गार हवेचं यंत्र बंद पडलंय. बाकीचे उंदीर दुसऱ्या कॉलेजात पाठवले. पण ह्या दोघांना गर्दीत ठेवून चालणार नाही."

"का? ह्यांना काय सोनं लागलंय?"

लागलंच होतं म्हणायचं. उंदराला दुसऱ्या उंदराची ओढ का वाटते, या एकाच प्रश्नामागे सूनबाई गेली चार वर्षं हात धुऊन लागली होती. त्यासाठी तिनं एक पेटी बनवून घेतली होती. पेटीत दोन खटके. डावा दाबला की एक गोड दाणा पडतो. उजवा दाबला की छोटं दार उघडतं आणि पलीकडच्या कप्प्यातला सोबती जाळीतून भेटतो, तोही मिनिटभरच. दोन दिवस एकटा ठेवलेला उंदीर गोड दाणा सोडून सोबत निवडतो, असं तिचं म्हणणं होतं. सोमवारी बाहेरच्या परीक्षकबाई ते प्रत्यक्ष बघायला येणार होत्या. त्यांना पटलं तर संशोधनाला आणखी एक वर्ष मिळणार होतं. नाही पटलं तर चार वर्षांचं काम गुंडाळून नोकरीसाठी वणवण करायची होती.

सासूबाईंनी दार बोटभर उघडून पाहिलं. "हा उंदीर आहे? अगं, ही घूस आहे!"

"भाऊसाहेब म्हणतात त्याला," सूनबाई म्हणाली. पोटावर दोन्ही हात ठेवून मागं रेलून बसायच्या सवयीमुळे ते नाव पडलं होतं. दुसरा किडकिडीत होता. तो सोबती म्हणून पलीकडे बसायचा, म्हणून त्याचं नाव शेजारी.

सूनबाईचा नवरा कामासाठी बाहेरगावी गेला होता. घरी कोण पाहुणे आलेत हे फोनवर कळल्यावर त्यानं तिथलं काम एका दिवसानं वाढवून घेतलं.

शेजाऱ्याची रवानगी मागच्या गॅलरीत झाली. भाऊसाहेबांना मात्र शांत आणि गार खोली हवी होती, आणि तशी खोली घरात एकच होती. ती सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची.

अप्पा टेलिफोनच्या ऑफिसातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर त्यांनी इतरांचे फोन जोडून दिले. आता त्यांचा स्वतःचा फोन वाजायचा तो काहीतरी विकणाऱ्यांचाच. अप्पा अशा माणसाशीही इतकं मनापासून बोलत, की शेवटी तोच कंटाळून फोन ठेवायचा. त्यात साखरेचा आजार. घरातलं सगळं गोड एका कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली सासूबाईंच्या कमरेला.

"अप्पा, नीट ऐका हं," सूनबाईनं पिंजरा टेबलावर ठेवत बजावलं. "ह्याच्याशी बोलायचं नाही. हात लावायचा नाही. जवळ जाऊन बसायचं नाही. खाणंपाणी मी बघते. दोन दिवस तो अगदी एकटा राहायला हवा."

"थोडक्यात, मला ठेवता तसंच ठेवायचं," अप्पा म्हणाले.

"म्हणजे काय? मी बोलत नाही तुमच्याशी?" सासूबाई दारातून कडाडल्या.

"बोलतेस की. गोळी घेतली का, एवढं विचारतेस रोज."

सासूबाईंनी तोंड उघडलं, काहीतरी आठवून पाहिलं आणि तोंड मिटलं. जाता जाता त्यांनी विचारलं, "घेतली का?"

गोड दाण्यांची बरणी सूनबाईनं अप्पांच्याच खोलीत, कपाटावर ठेवली. स्वयंपाकघरात ठेवली असती तर सासूबाईंनी ती कचऱ्यात टाकली असती. दाणे परदेशातून येत. ते संपले तर महिनाभर मिळणार नव्हते.

शनिवारी सकाळी अप्पांच्या खोलीतून बोलण्याचा आवाज येऊ लागला. सूनबाई धावतच गेली. अप्पा पिंजऱ्याशेजारी खुर्ची ओढून बसले होते, हातात पेपर होता, आणि भाऊसाहेब जाळीला नाक लावून ऐकत होते.

"अप्पा! काय सांगितलं होतं मी?"

"मी त्याच्याशी कुठं बोलतोय? मी माझा पेपर वाचतोय. मला मोठ्यानं वाचायची सवय आहे."

"कधीपासून?" मागून सासूबाईंनी विचारलं.

"आज सकाळपासून."

सूनबाईनं खुर्ची खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली, पिंजऱ्यावर चादर टाकली आणि पुन्हा सगळं समजावून सांगितलं. "तुम्ही सोबत केलीत तर त्याला सोबतीची भूक राहणार नाही, अप्पा. मग सोमवारी तो खटका दाबणार नाही. माझी चार वर्षं पाण्यात जातील."

"बरं बरं," अप्पा म्हणाले. इतक्या चटकन ते कधीच ऐकत नसत. पण सूनबाईला सासऱ्यांपेक्षा उंदरांचा अनुभव जास्त होता, त्यामुळे तिला शंका आली नाही.

ती शेजाऱ्याचा पिंजरा साफ करायला गेली की खुर्ची सरकायची. ती आंघोळीला गेली की चादर उचलली जायची. अप्पांनी भाऊसाहेबांना अग्रलेख वाचून दाखवला, हवामान वाचून दाखवलं, पाणीकपातीच्या बातमीवर स्वतःचं मतही दिलं. भाऊसाहेबांनी एकदाही मध्येच विषय बदलला नाही. अप्पांना फार बरं वाटलं. असा ऐकणारा त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच भेटला होता.

रविवारी संध्याकाळी सासूबाईंनी नेहमीप्रमाणे अप्पांचं बोट टोचून साखर तपासली आणि त्यांचे डोळे विस्फारले.

"अहो! एवढी? काय खाल्लंत?"

"मी काय खाणार? किल्ली तुझ्याकडे. यंत्र बिघडलंय."

सासूबाईंनी स्वतःचं बोट टोचून घेतलं. यंत्र ठणठणीत होतं. त्यांनी कपाट उघडून बिस्किटं पाहिली, साखरेचा डबा पाहिला. सगळं जागच्या जागी होतं. त्या बुचकळ्यात पडल्या. अप्पा पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड करून पडले.

सोमवारी सकाळी गाडी दारात येऊन हॉर्न वाजवत होती. सूनबाईनं पिंजरे उचलले, कपाटावर पाहिलं तर बरणी नाही. अप्पा न्हाणीघरात होते आणि आतून काही उत्तर देत नव्हते. पेटीच्या यंत्रात थोडे दाणे शिल्लक असतीलच, असं मनाशी म्हणत ती निघाली.

प्रयोगशाळेत परीक्षकबाई आधीच येऊन बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, चेहऱ्यावर सुरकुतीही हलत नव्हती. बाजूला सूनबाईचे मार्गदर्शक सर घाम पुसत उभे होते. शेजारी उंदीर पलीकडच्या कप्प्यात बसला, भाऊसाहेबांना पेटीत सोडलं आणि सगळे श्वास रोखून बघू लागले.

भाऊसाहेबांनी तोंड धुतलं. मिशा पुसल्या. मग पोटावर हात ठेवून मागं रेलून बसले.

"दाबेल आता," सर म्हणाले.

भाऊसाहेबांनी डुलकी काढली. पलीकडे शेजारी जाळीवर उड्या मारत होता, पण इकडे भाऊसाहेब ढिम्म. ना डावीकडे, ना उजवीकडे.

"दोन दिवस एकटा होता म्हणालात ना?" परीक्षकबाईंनी विचारलं.

"हो," सूनबाई म्हणाली, आणि म्हणताना तिच्या डोळ्यांसमोर ती खुर्ची आली. चार वर्षं काम केलं, आणि अडलं ते पेपर वाचण्यावर! तिला रडू येईल असं वाटलं.

तेवढ्यात बाहेरच्या व्हरांड्यातून आवाज आला, "अहो शिपाईदादा, आमची सूनबाई आत आहे का?"

भाऊसाहेब ताडकन उठले. कान टवकारले. धावत गेले आणि त्यांनी उजवा खटका दाबला. दार उघडलं. शेजारी आनंदानं पुढं झाला, पण भाऊसाहेब त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत व्हरांड्याकडे नाक करून उभे राहिले. दार मिटलं. त्यांनी पुन्हा खटका दाबला.

दारात अप्पा उभे होते. बगलेत पेपर, हातात बरणी. बरणी जवळजवळ रिकामी होती.

"हे कोण?" परीक्षकबाईंनी विचारलं.

"माझे सासरे," सूनबाई कशीबशी म्हणाली.

परीक्षकबाईंनी चष्मा वर सरकवला. "काका, जरा इकडे या. ह्या जाळीमागं बसा. आणि काहीतरी बोला."

शेजाऱ्याला पिंजऱ्यात घातलं. उरलेले दाणे यंत्रात ओतले. अप्पा स्टुलावर बसले आणि त्यांनी पेपर उघडून हवामान वाचायला सुरुवात केली. भाऊसाहेबांनी एकदा डावा खटका दाबून एक दाणा खाल्ला. तेही काही साधुसंत नव्हते. त्यानंतर मात्र त्यांनी डावीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उजवा, उजवा आणि उजवा. दार मिटलं की लगेच पुन्हा उजवा.

सरांचा जीव भांड्यात पडला. परीक्षकबाईंचा मात्र पडला नव्हता. त्यांनी बरणी उचलून हलवली.

"ही भरलेली होती ना? काका, तुम्ही ह्याला दोन दिवस दाणे भरवलेत. म्हणून तो तुमच्याकडे धावतोय. ही सोबतीची ओढ नाही, खाण्याचीच आहे."

सूनबाईनं अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. काय बोलावं लागणार हे त्यांना कळलं होतं, आणि ते घरी पोचल्यावर काय होईल हेही कळलं होतं.

"मी त्याला एकही दाणा दिला नाही," अखेर ते म्हणाले. "त्याला नुसतं वाचून दाखवलं."

"मग दाणे गेले कुठं?"

"मी खाल्ले."

सर खोकू लागले. परीक्षकबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच सुरकुती हलली. "उंदराचे दाणे?"

"चांगले लागतात. चॉकलेटसारखे."

"ह्याला काही पुरावा?"

अप्पांनी खिशातून फोन काढला. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी जोडला तसा हा फोन त्यांनी सुनेसाठी जोडला आणि परीक्षकबाईंच्या हातात दिला. त्यांनी उंदराच्या दाण्यांचा विषय काढला आणि पलीकडून सासूबाईंचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला. काल संध्याकाळी साखर किती निघाली, यंत्र कसं ठणठणीत होतं, कपाटातलं एक बिस्किटसुद्धा कसं हललं नव्हतं, हे सगळं त्यांनी न विचारता सांगितलं. मग त्यांना एकदम काहीतरी उमगलं असावं. "थांबा! उंदराचं खाल्लं ह्यांनी? द्या बरं त्यांच्याकडे फोन!"

परीक्षकबाईंनी फोन अलगद बंद केला. "पटलं," त्या म्हणाल्या. "सिद्धांत बरोबर आहे. सोबती तेवढा बदलला. वर्ष वाढवून देऊ. काका, आठवड्यातून दोनदा येऊ शकाल?"

"रोज येईन," अप्पा म्हणाले. सूनबाई हसत होती आणि डोळेही पुसत होती.

घरी अप्पांचं स्वागत जसं व्हायचं तसंच झालं. ते सांगण्यात अर्थ नाही. सासूबाई बराच वेळ बोलत होत्या, आणि त्यात गोळीचा उल्लेख एकदाही नव्हता. मग मात्र त्या सुनेजवळ जाऊन हळूच विचारू लागल्या. तो डावा खटका कसा, उजवा कसा, नक्की काय सिद्ध झालं म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूनबाईनं पाहिलं, तर टेबलावर अप्पांच्या डाव्या हाताला एका बशीत एक बिस्किट ठेवलेलं होतं. उजव्या हाताला खुर्ची ओढून सासूबाई बसल्या होत्या, डोळ्यांवर चष्मा आणि हातात पेपर.

"हे काय?" अप्पांनी विचारलं.

"काही नाही. मला मोठ्यानं वाचायची सवय आहे."

त्या वाचू लागल्या. पाणीकपात वाचली, हवामान वाचलं. अप्पा पोटावर दोन्ही हात ठेवून मागं रेलले. बिस्किटाकडे त्यांनी पाहिलंही नाही. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघतच राहिली.

"उद्या तुरळक सरी," सासूबाई वाचत होत्या, "वाऱ्याचा वेग मध्यम... अहो, गोळी घेतली का?"

अप्पांचा डावा हात पोटावरून उठला आणि हळूहळू बशीकडे सरकू लागला.

"बरं बाई, नाही विचारत!" सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या आणि त्यांनी पुढची बातमी सुरू केली.

हात परत पोटावर आला.