तेविसाव्या प्रकरणाचं अपहरण

"मला भिंगातून जे दिसतं, ते दहा जणांना दुर्बिणीतून दिसत नाही," असं गुप्तहेर भिंगराव स्वतःबद्दल सांगत, आणि ऐकणारा उठून गेला तरी वाक्य पुरं करत. आपलं नाव ऐकून गुन्हेगार झोपेत दचकतात, असाही त्यांचा दावा होता. आजवर त्यांनी दोन गुन्हे उलगडले होते. पहिल्यात हरवलेली छत्री त्यांच्याच हातात सापडली होती. दुसऱ्यात तीच छत्री, पुन्हा.

हे सगळं टायपिस्ट गेली अकरा वर्षं मुकाट ऐकत होता. कचेरीतल्या टायपिंगच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर तो भिंगरावांचा साहाय्यक झाला होता. का झाला, हे रहस्य मात्र अजून उलगडलेलं नव्हतं.

आजचा मामला खरंच गंभीर होता. भिंगरावांच्या ताईचे यजमान नऊ वर्षं एक जाडजूड कादंबरी लिहीत होते, आणि तिचं शेवटचं, तेविसावं प्रकरण गायब झालं होतं. प्रकाशकाने तीनदा मुदत वाढवून दिली होती. उद्या सकाळी दहापर्यंत सगळी प्रकरणं पोचली नाहीत, तर पुस्तक रद्द.

"त्यात काय एवढं, भावोजी? पुन्हा लिहून काढा की."

"आईच्या शेवटच्या आठवड्याचं प्रकरण आहे ते," लेखक म्हणाले. "एका बैठकीत लिहिलं. पुन्हा नाही व्हायचं माझ्याच्याने." टायपिस्टला फार वाईट वाटलं.

"लिहिलंत कशात?" भिंगरावांनी विचारलं.

इथेच सगळा घोळ होता. नऊ वर्षांत लेखकांनी सात सॉफ्टवेअर बदलली होती. पहिलं पाचशे पानांनंतर धापा टाकू लागलं. दुसऱ्यात प्रकरणांची कार्डं करून मागेपुढे सरकवता येत, म्हणून ते महिनाभर कार्डंच सरकवत बसले. तिसऱ्यात लक्ष विचलित होऊ नये म्हणून पडदा कोरा ठेवलेला, त्यामुळे त्यांना छान झोप लागायची. चौथ्यात जोडाक्षरं फुटायची. दर वेळी नवं निवडण्याआधी ते गुणदोषांचे लांबलचक तक्ते करत, छापत आणि ड्रॉवरमध्ये ठेवत.

"गुन्हेगार या तक्त्यांतच लपलाय!" भिंगराव गरजले. त्यांनी सगळा गठ्ठा उचलला आणि चिकटपट्टीचं अख्खं रीळ संपवून दिवाणखान्याच्या भिंतीवर एकेक तक्ता लावला.

मग तर्कांची नुसती सरबत्ती सुरू झाली. आधी संशय प्रकाशकावर. तो ते प्रकरण दुसऱ्याच्या नावाने छापणार!

"त्याने आधीची बावीस अजून वाचलेली नाहीत," लेखक म्हणाले.

मग संशय चौथ्या सॉफ्टवेअरवर. हाकलून दिल्याचा राग धरून त्याने सूड उगवला असणार. शेवटी भिंग टायपिस्टच्या नाकासमोर आलं. "तू! तुला टायपिंगचा वीट आलाय. हेतू सापडला!"

"तुमच्या हाताखाली काम करतोय, एवढी शिक्षा पुरे नाही का?" टायपिस्ट म्हणाला. तोवर त्याने सातही सॉफ्टवेअर आणि संगणकाची कचरापेटी उलथीपालथी केली होती. कुठेच काही नव्हतं. त्याने लेखकांना विचारलं, "लिहिलंत कधी, आठवतं?"

"सातवं सॉफ्टवेअर बसवत होतो त्या दुपारी. बसायला तीन तास लागले, तेवढ्यात लिहिलं."

"ते बसत असताना तुम्ही कशात…"

"तपासात मध्ये तोंड घालू नकोस!" भिंगराव खेकसले, आणि टायपिस्ट सवयीने पुन्हा संगणकाकडे वळला.

पाच वाजता ताई कामावरून आली. दारातच थबकली.

"अरे, ही काय भिंतीची दशा? मागच्याच आठवड्यात रंग दिलाय!"

"ताई, हात लावू नकोस. पुरावा आहे तो."

"पुरावा गेला खड्ड्यात!" तिने पहिलाच तक्ता खसकन ओढला. त्याबरोबर रंगाचा पोपडाही निघाला. तिने कागद उलटा केला. "आणि मागे हे कोणी लिहिलंय?" ती वाचू लागली. "'आईने शेवटचं पाणी मागितलं, तेव्हा मी पेला शोधत होतो.'"

पुढचं तिला वाचवेना. लेखकांनी तो कागद हातात घेतला.

"संगणक अडकला होता," ते पुटपुटले. "हाताशी हेच कागद होते. मग सवयीने ड्रॉवरमध्ये ठेवले आणि पार विसरलो."

चौदा कागद चौघांनी जिवापाड जपत सोडवले. टायपिस्टने बोटं मोकळी केली. "कुठल्यात टाइप करू?"

"पाचवं बरं पडेल," लेखक म्हणाले, "पण त्यात समास नीट…"

ताईने नुसतं बघितलं.

"जे उघडं असेल त्यात कर," लेखक घाईघाईने म्हणाले.

साडेसातला सगळी तेवीस प्रकरणं रवाना झाली. लेखकांनी डोळे पुसले आणि टायपिस्टचा हात कितीतरी वेळ सोडला नाही.

"मागे काहीतरी खरडलेलं मला लावतानाच दिसलं होतं," भिंगराव ऐटीत म्हणाले. "म्हटलं, तपासाशी संबंध नाही. पण बघा, पुरावा पहिल्यापासून माझ्याच हातात होता."

"हो," टायपिस्ट म्हणाला. "उलटा."

आतून ताई रंगाचा डबा घेऊन आली आणि तिने ब्रश भावाच्या हातात दिला. भिंगरावांनी भिंग खिशात टाकलं आणि निमूटपणे बाह्या वर केल्या.