आधी बडोदं, मग लग्न

मुलांनो, डिसेंबरात तुमच्या मामेबहिणीच्या, रेवाच्या लग्नाला याल तेव्हा स्टेशनवर वसंतआजोबा उभे असतील. प्रवास कसा झाला, हे ते विचारणार नाहीत. "पोट रिकामं आहे ना?" एवढंच विचारतील. कुणी चुकून 'गाडीत नाश्ता झाला' म्हटलं, तर लग्न मोडल्याची बातमी ऐकावी तसा त्यांचा चेहरा पडतो.

वसंतआजोबा म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, माझे दीर. समोरच्या घरात एकटेच राहतात. स्वतःचं वऱ्हाड कधी निघालं नाही, पण बडोद्यातल्या निम्म्या मराठी घरांची वऱ्हाडं त्यांनी गावभर फिरवली. कुणी बोलावलं म्हणून, कुणी न बोलावताही. "आधी बडोदं, मग लग्न. चालो, चालो!"

फेरीचा क्रम ठरलेला. आधी सेवउसळ, तीही तिखट तरी घालून. "उपाशी माणसाला राजवाडा लहान दिसतो, वहिनी." मग राजवाडा, कमाटीबाग, मांडवीला हिरवा चिवडा, आणि संध्याकाळी सुरसागर तळ्यातला महादेवाचा पुतळा. पुण्याचे पाहुणे असले, तर त्यांच्या हातावर भाखरवडी ठेवून म्हणतात, "घ्या, तुमचीच आहे म्हणता ना? आता मूळ चव बघा." मग पाहुण्यांचं तोंड वाकडं होतं आणि मी चहा पुढे करते. गेली कित्येक वर्षं मी चहा पुढे करते आहे.

तुमच्या आईच्या लग्नात तर त्यांनी भलतंच वऱ्हाड पळवलं. स्टेशनवर फेटेवाली मंडळी दिसली, भावजींनी पोट रिकामं आहे का विचारलं, ती हो म्हणाली. झालं! आमचे व्याही फलाटावर ट्रंकांवर बसून, आणि कुणा परक्यांचा नवरदेव राजवाड्यासमोर फोटो काढतोय. सीमांतपूजनाची वेळ टळायला आली, तेव्हा त्या परक्या लग्नातल्या मुलीचे वडील घामाघूम होऊन आमच्या दारात. मी भावजींना जाब विचारला. भावजी म्हणाले, "पण त्यांना मजा पडली ने?"

मजा पडली होती. त्या नवरदेवाचे काका अजून दिवाळीला फोन करतात.

मला प्रत्येक गोष्ट वेळेवर आणि जागच्या जागी लागते. त्यामुळे या माणसाने मला फार दमवलं. आता माझे गुडघेही दमले आहेत. म्हणून गेल्या महिन्यात ते दारात येऊन, "वहिनी, मुलं येणार, एकदा रंगीत तालीम करू," म्हणाले, तेव्हा मी चक्क नाही म्हटलं.

"मग मी एकटा जातो," म्हणाले, पण उंबऱ्यावरून हलले नाहीत. शेवटी मीच चपला घातल्या.

उन्हातून रिक्षाने फिरलो. सेवउसळीच्या गाड्यावर त्यांनी बशी घ्यायला हात पुढे केला, तो बशीच्या बाजूने गेला. मांडवीत दर पायरी बुटाच्या टोकाने चाचपत होते. मला वाटलं, वय झालं. संध्याकाळी सुरसागरच्या कठड्याशी उभं राहून त्यांनी नेहमीच्या रुबाबात हात उंचावला. "हा बघा महादेव! तळ्याच्या मधोमध, केवढा!"

बोट शिकवणीवर्गाच्या पाटीकडे होतं.

मी कोपराला धरून त्यांना हलकेच वळवलं, हात महादेवाकडे आला तसं थांबवलं.

"वहिनी, कळलं ना?"

"कळलं. डॉक्टर?"

"झालं दाखवून. नजर आहे तेवढीच राहील, म्हणाला." मग हळूच, "मुलांना सांगू नका हं. नाहीतर तीच मला गाव दाखवायला लागतील."

मी मान हलवली. मग लक्षात आलं, आणि मोठ्याने म्हटलं, "बघते."

सांगणार नाही, असं मी म्हटलेलं नाही. म्हणून तुम्हाला हे लिहिते आहे. गाडीत काही खाऊ नका. तिखट लागलं तरीही वरून तरी मागून घ्या. सुरसागरला ते बोट दाखवतील, तिकडेच बघा आणि "केवढा!" म्हणा. बोट बरोबर दिशेला असेल. मी त्यांच्या कोपराशी उभी असेन.