तपासणी होईपर्यंत वापर बंद

वेळेवर तपासणी हा सुसंस्कृत समाजाचा पाया आहे. हे मी अधिकाराने सांगतो, कारण गेली बावीस वर्षं मी लिफ्ट तपासतो. मुदत एका दिवसाने जरी उलटली, तरी लिफ्टच्या दारावर मी लाल लेबल चिकटवतो : ‘तपासणी होईपर्यंत वापर बंद’. मग आठव्या मजल्यावरच्या आजींनी कितीही शिव्याशाप दिले तरी मी विरघळत नाही. (आजींच्या शब्दसंग्रहाला मात्र तोड नाही.)

घरीही हीच शिस्त. फ्रिजच्या दारावर तक्ता आहे : पाण्याचा फिल्टर सहा महिन्यांनी, माझी शुगर तीन महिन्यांनी, कुत्र्याची लस वर्षाने. तक्ता बायको सांभाळते आणि आजवर आमची एकही तारीख चुकलेली नाही. सगळ्यात खाली ‘गर्भाशयमुखाची तपासणी, दर तीन वर्षांनी’ ही तिची स्वतःची ओळ पेन्सिलीने लिहिलेली होती. पेन्सिल अशासाठी, की खोडायला सोपं जातं.

ही तपासणी पाच मिनिटांची असते. ती पुढे ढकलण्याचं काम आमच्याकडे चार वर्षं चिकाटीने चालू होतं. एकूण अकरा वेळा : पाहुणे चार, ‘मला कुठे काय होतंय’ तीन, मुलीची परीक्षा दोन, ‘पुरुष डॉक्टर असला तर?’ एक आणि माझा खोकला एक. (खोकला साधाच होता, पण मी तो मनापासून खोकलो.) दर वेळी मी उदारपणे म्हणालो, “तुला जमेल तेव्हा जा.” इतका समजूतदार नवरा शोधून सापडणार नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी उठलो, तर चहा नाही. बायको खुर्चीत पेपर वाचत बसलेली आणि तिच्या खांद्यावर लाल लेबल. माझ्याच बॅगेतलं. चिकटवणारी मुलगी शेजारी उभी.

“हा काय चावटपणा आहे?”

“चार वर्षं उलटलीत, बाबा. तुम्ही तर एका दिवसासाठी लिफ्ट बंद करता.”

“अगं, पण तिला काही त्रास आहे का?”

“लिफ्ट पडल्यावर तपासता का तुम्ही?”

हे वाक्य माझं आहे. मी ते प्रत्येक इमारतीत ऐकवतो. तिथे ते फार छान वाटतं.

बायको पान उलटत म्हणाली, “मला काही घाई नाही हं. छान बसलेय.”

दुपारपर्यंत घराचं कामकाज ठप्प झालं. माझे मोजे, माझी गोळी आणि कुत्र्याचं जेवण कुठे असतं हे एकाच व्यक्तीला ठाऊक असल्याचं निष्पन्न झालं. साडेतीनला मी रजा टाकून तिला दवाखान्यात नेलं. घड्याळ लावून पाच मिनिटं. बाहेर येऊन ती म्हणाली, “एवढंच होतं?”

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. काही पेशी बदलू लागल्या होत्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, “हा कॅन्सर नाही. छोटी प्रक्रिया करून काढून टाकू. पण अजून चार वर्षं ढकललं असतं, तर...” बायकोने माझा हात धरला. मी घाबरलो होतो, खरंच घाबरलो होतो. घरी येऊन ती ओळ मी पेनाने गिरवली.

आता ती ठणठणीत आहे, आणि तुम्हीही हसलात, बरं वाटलं. तर मग सांगा, गाडीचा विमा कधी संपतो? तोंडपाठ असेल. फोनची वॉरंटी? तीही. आता घरातल्या बाईची ही तपासणी शेवटची कधी झाली, ते सांगा. (ती बाई तुम्हीच असाल तरी चालेल.)

करा विचार, घाई नाही. माझ्या बॅगेत अजून अठ्ठेचाळीस लेबलं आहेत.