मररोगमुक्त तालुका आणि वाळूचा ढीग

नायगाव तालुक्यातल्या सरजाबाईंनी रानात तूर पेरावी की ज्वारी, हा प्रश्न दहा मिनिटांत सोडवण्याचे शासनाने ठरवले. गेल्या साली त्यांची तीन एकर तूर ऐन फुलोऱ्यात उभीच वाळली होती. मातीतला मर रोग. आता वाफसा आला होता, तिफण दारात उभी होती, म्हणून त्यांनी झटपट तपासणीची गाडी बोलावली.

कृषी सहायक मृत्युंजय यांनी चिमूटभर माती बाटलीत घुसळली, पट्टीवर थेंब टाकला. दोन रेघा उमटल्या. दोन म्हणजे रोग, एक म्हणजे निरोगी.

"झालं की! ज्वारी पेरते. चहा घ्या, साहेब."

"असं नाही चालत, आजी. तालुका सोमवारीच मररोगमुक्त जाहीर झालाय. फलक लागलाय."

"मंग तुमच्या फलकावर पेरू का तूर?"

नमुनाच चुकला असणार, असे ठरले. बांधाची माती घेतली, दोन रेघा. लिंबाखालची घेतली, दोनच. नियमांत फेरतपासणीची सोय होती, थांबण्याची नव्हती. अकराव्या पट्टीला साहेबांची नजर घरकुलासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगावर गेली. एक रेघ! त्यांनी घाम पुसला आणि जागेवरच दाखला फाडला : 'संपूर्ण क्षेत्र निरोगी, तुरीस योग्य.' सोबत तुरीच्या बियाण्याची फुकट पिशवी.

"आवो, ही वाळू विष्णुपुरीकडून आलीय. माझी तूर वाळली तवा ही गोदावरीत लोळत व्हती!"

"सध्याचा पत्ता तुमचाच आहे ना, आजी? मग रहिवासी झाली."

सरजाबाईंनी पिशवी उचलून गाडीत परत टाकली. "ही फलकाखाली पेरा. लई जोमात येईल!" आणि तिफणीला बैल जुंपून ज्वारी पेरायला निघाल्या.

किस्सा गावभर झाला. माणसं पोट धरधरून हसली. हसून झाल्यावर सरपंच भागवतराव हळूच सरजाबाईंच्या दारात आले. त्यांच्यामागे शाळेच्या ज्योत्स्ना मॅडम, त्यांच्यामागे निम्मं गाव.

"मावशी, उद्या आमच्या रानाची तपासणी हाय. ओंजळभर वाळू द्या की."

"मातीत मर हाय का न्हाई, ते बघायचं न्हाई व्हय?"

"ते बघून काय करायचं? दाखला पायजे."

"न्या. पण रांगेनं."

सरजाबाईंनी रांगेवरून नजर फिरवली आणि शेवटाला, हे वाचून आत्ताच हसलेल्या माणसावर येऊन थांबल्या.

"आन् तुम्ही हो! तोंड काय लपवून राहिलात? उघडा पिशवी."