तांबड्या गाडीने नाव घेतलं

पन्नास वर्षांवरच्या गाडीने मालकाचं नाव उखाण्यात घेतल्याशिवाय तिची नोंदणी पुढे चालू होत नाही, आणि सोनाबाई इंगवल्यांच्या तांबड्या गाडीने भर कचेरीत परपुरुषाचं नाव घेतलं.

खरं तर उखाण्यापर्यंत वेळच यायला नको होती. कागद सोनाबाईंच्या बाजूने होते. दोन माणसांची, बिनटपाची ही शर्यतीची गाडी आधी एका जहागीरदारांनी बोटीतून आणवली. त्यांच्याकडून ती सिनेमाच्या एका स्टुडिओवाल्याकडे गेली, त्याच्याकडून तालमीच्या एका वस्तादाकडे, आणि वस्ताद तिच्यात मावेनासा झाला तेव्हा सोनाबाईंकडे. त्याला अडतीस वर्षं झाली. पण तपासणीत इंजिनावरचा नंबर एक निघाला आणि चासीवरचा दुसराच.

"मावशी, इंजिन एकीचं, अंग दुसरीचं," हुद्दार कारकून म्हणाले. "ही नक्की कोण आणि कुणाची, हे आता हिलाच विचारावं लागणार."

"विचारा की! अडतीस वर्षं माझ्या हातचं खाल्लंय तिनं. इंजिन मीच उतरवलं, मीच चढवलं. कुठल्या शाळेत शिकले नाही, बघून बघून शिकले. मेकॅनिकचं बोट लागू दिलेलं नाही मी तिला!"

पद्धतीप्रमाणे बॉनेटला हळदकुंकू लावलं, चाकापुढे नारळ ठेवला. हुद्दारांनी पेनाचं टोपण काढलं. गाडीने घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"चार चाकं, दोन दिवे, मध्ये चकाकता बंपर,
दौलतरावांचं नाव घेते, तपासून घ्या नंबर."

मागच्या रांगेतल्या दोन जीपगाड्या खुदकन हसल्या.

"कागदात दौलतराव नाहीत," हुद्दार म्हणाले.

"नसणारच! खोटं बोलते मेली."

"गाडी उखाण्यात खोटं बोलत नाही, मावशी. तसं परिपत्रक आहे. महिन्याची मुदत देतो. दौलतरावांना शोधून हजर करा. त्या दिवशी हिनं पुन्हा त्यांचंच नाव घेतलं, तर गाडी त्यांची. तुमचं घेतलं, तर तुमची."

सोनाबाईंनी आठवडाभर गाडीशी अबोला धरला. धुतली ती खराट्याने. एकदा तर गाडीच्या डोळ्यांदेखत शेजारच्या मोपेडला ऑइल घातलं, वर "गुणाची गं माझी बाय" असंही म्हटलं. गाडी ढिम्म. मग मात्र त्या पिशवी घेऊन निघाल्याच.

जहागीरदारांच्या नातवाने सांगितलं, दौलत नावाचा आमचा घोडा होता. पण घोड्याला कुणी राव लावत नाही, म्हणून सोनाबाईंनी तो सोडला. वस्तादाच्या घरी दौलत कुणीच नव्हतं. अखेर स्टुडिओतला एक म्हातारा दिवेवाला म्हणाला, "दौलू मगदूम असणार. पन्हाळ्याच्या रस्त्यावर खडी फोडायचा."

दौलू मगदूम ओसरीवर दोर वळत बसला होता. वय चौऱ्याऐंशी, दात दोन. सोनाबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. ह्याच्यात काय बघितलं असेल तिनं?

"किती दिवस होती तुमच्याकडं?"

"कोण वो?"

"सोंग करू नका. तांबडी!"

म्हाताऱ्याचे हात थांबले. "हां, ती व्हय? एक दुपारभर. घाटात पेट्रोल संपलं हुतं. मालक आत बसलं, म्या ढकलली. पार वरपातुर."

"आणि तुम्ही बसलात कधी?"

"मला कोण बसवतंय? मागनंच बघितली म्या."

"काय बोललात तिच्याशी?"

"धाप लागली हुती, बाई. बोलतोय कशाचं?" मग त्याने हळूच विचारलं, "तिनं राव म्हटलं मला? दौलतराव?" आणि ते नाव त्याने आपल्याच तोंडाने दोनदा म्हणून पाहिलं. जुनं शेत परत मिळाल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. सोनाबाईंना ते बघवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गाडी सुरू करणं बंद केलं. रोज सकाळी पदर खोचायचा आणि गाडी ढकलत नाक्यापर्यंत न्यायची, ढकलत परत आणायची. वय एकाहत्तर. गल्लीतली माणसं मदतीला धावली, की ओरडायच्या, "हात लावशील तर बघ!"

तारखेच्या दिवशीही त्या गाडी ढकलतच कचेरीत आल्या. दौलू पुढे चालत होता, इस्त्रीची टोपी घालून. कचेरीचं अंगण चढाचं. टेबल वर मांडलेलं, त्याच्यापाशी दौलू जाऊन उभा राहिला. सोनाबाई मागे, डिकीला दोन्ही हात लावून.

"हँडब्रेक लावा की, मावशी."

"नाही लावणार. ह्यांनी लावला होता का घाटात?"

हुद्दारांनी गाडीला खूण केली. गाडी म्हणाली, "घाटावर घाट, वळणावर वळण..." आणि थांबली. बंद इंजिनाचं बॉनेट तापलं. रेडिएटरमधून बारीक वाफ निघाली.

"घे गं, घे!" जीपगाड्या म्हणाल्या. गाडी काही बोलेना.

"लाजली," हुद्दारांनी लिहून घेतलं आणि नियमाचं पुस्तक उघडलं. "कलम सात. गाडी लाजत असल्यास समोर उभ्या इसमास मालक समजावे." त्यांनी मान वर केली. समोर दौलू होता.

"मी सरकू का बाजूला?" दौलू म्हणाला.

"सरकता येत नाही. मावशी, या, ना-हरकतीवर सही करा."

सोनाबाईंच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. तो पुसायलाही त्यांनी हात काढला नाही. "हात सोडला तर जाईल ती खाली. सही पाहिजे तर टेबल आणा इकडं."

हे रास्त होतं. दोन शिपायांनी टेबल उचलून गाडीच्या मागे आणून ठेवलं. हुद्दारांनी खुर्ची सरकवली, कागद पुढे केला, आणि एकदम थांबले. पुस्तकाची पानं मागे उलटली. "व्याख्या. समोर म्हणजे टेबल ज्या अंगाला असेल ते अंग." त्यांनी टेबलाकडे पाहिलं, सोनाबाईंकडे पाहिलं, मग वाकून रेडिएटरकडे पाहिलं. वाफ येतच होती. त्यांनी दौलतरावांच्या नावावर रेघ मारली, मालक म्हणून सोनाबाईंचं नाव लिहिलं आणि वर शिक्का उमटवला.

सोनाबाईंनी डाव्या हाताने सही केली, उजवा डिकीवरच ठेवून.

"जाताना थोडी ढकलू का, बाई?" दौलूने विचारलं. "एकच हात लावतो."

सोनाबाईंनी क्षणभर विचार केला. जहागीरदार बसले, स्टुडिओवाला बसला, वस्ताद बसला. एकाचंही नाव तिने घेतलं नव्हतं.

"छे, छे, दौलतराव," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "तुम्ही आत बसायचं. ऐसपैस."

दौलू मगदूम आयुष्यात पहिल्यांदा तांबड्या गाडीत बसला. सोनाबाईंनी पदर खोचला आणि गाडी ढकलायला लागल्या. पेट्रोलची टाकी काठोकाठ भरलेली होती.