अस्सल खरखर

सुई मोडली तेव्हा साडेनऊ वाजले होते, आणि मंडळी दहाला यायची होती.

सूनबाईने खरं तर फक्त धूळ पुसायला फडकं हातात घेतलं होतं. नाना, म्हणजे तिचे सासरे, आंघोळीला गेले होते. रेकॉर्ड प्लेअरवरची धूळ दारातूनही दिसत होती आणि आज मोठे पाहुणे येणार होते. तिने जेमतेम एकदा फडकं फिरवलं. कुठेतरी धागा अडकला, ‘कट’ असा बारीकसा आवाज झाला आणि सुईचं टोक फडक्यात आलं.

त्या यंत्राला घरात नानांखेरीज कुणी हात लावायचा नाही असा नियम होता. मागे एकदा नानांच्या मुलाने, म्हणजे सूनबाईच्या नवऱ्याने, त्याच्या झाकणावर चहाचा कप ठेवला, तेव्हा नाना त्याच्याशी महिनाभर बोलले नव्हते. मुलाने तो महिना सुखात काढला ही गोष्ट वेगळी. पण आज प्रकरण कपाचं नव्हतं. आज निकाल होता.

दर रविवारी नानांकडे श्रवण मंडळ भरायचं. मंडळ म्हणजे नाना, निवृत्त पोस्टमास्तर, निवृत्त दातांचे डॉक्टर, आणि सगळ्यांच्या वर अध्यक्ष, रेडिओवरचे निवृत्त निवेदक. ही मंडळी नानांच्या त्याच बारा तबकड्या त्याच क्रमाने ऐकायची आणि प्रत्येक गाण्यानंतर जग किती बिघडलंय यावर एकमत करायची. आजच्या गाण्यांना चाल नाही, आजच्या टोमॅटोला चव नाही, आजच्या डासांतसुद्धा पूर्वीचा जोर राहिला नाही. ज्या काळात एक फोन लागावा म्हणून पोस्टमास्तर लोकांना तीन-तीन तास बाकावर बसवून ठेवायचे, तो काळ मोठा निवांत होता. आणि ज्या काळात डॉक्टर भूल न देताच दाढ उपटायचे, त्या काळची माणसं फार सोशिक होती.

तर या डॉक्टरांनी नुकतेच कमरेएवढे दोन स्पीकर घेतले होते आणि रविवारची बैठक आता आपल्याकडे भरावी असं मंडळापुढे मांडलं होतं. निवेदकांनी गेल्या रविवारी डॉक्टरांकडे ऐकलं, आज नानांकडे ऐकायचं, आणि निर्णय द्यायचा, असं ठरलं.

बैठक गेली असती तर सूनबाईचे रविवारचे सोळा कप चहा वाचले असते, हे तिच्याही मनात येऊन गेलं. पण मागे यंत्र दुरुस्तीला गेलं होतं तेव्हा नाना रविवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून रिकाम्या कपाटासमोर बसून राहिले होते. दुपारी जेवायलासुद्धा उठले नव्हते. ते आठवलं आणि तिचा जीव कळवळला. नवऱ्याला विचारावं तर तो दर रविवारप्रमाणे गाडीत हवा भरायला गेला होता. त्याच्या गाडीत हवा भरायला तीन तास लागत.

मग सूनबाईने डोकं चालवलं. वाटीएवढा एक स्पीकर घरात होता. तो तिने प्लेअरच्या मागे कपाटात सरकवला आणि फोनला जोडला. बारा तबकड्यांचा क्रम तिला झोपेतही पाठ होता. नानांना जवळचं धड दिसत नव्हतं. ते सुई ठेवतील, आपण स्वयंपाकघराच्या दारातून फोनवर गाणं लावायचं, बस्स.

दहाला मंडळी आली. नानांनी पहिली तबकडी मखमलीच्या रुमालाने पुसली, फिरती केली, श्वास रोखून सुईचा हात उचलला. सूनबाईने घाईघाईत बटण दाबलं. गाणं सुरू झालं, पण नानांचा हात अजून हवेतच होता.

पोस्टमास्तर दचकले. “अहो, सुई टेकायच्या आधीच?”

“जुनं यंत्र आहे,” निवेदक डोळे मिटून म्हणाले. “त्याला मालकाच्या मनातलं कळतं.”

नानांनी सुई हळूच टेकवली आणि ते खुर्चीत बसले.

“काय तो आवाज!” गाणं संपल्यावर निवेदक म्हणाले. “ही ऊब फोनमध्ये नाही मिळायची.”

“नाव काढू नका फोनचं,” पोस्टमास्तर म्हणाले. “फोनवर गाणं ऐकणं म्हणजे काचेवरून पाणी चाटणं.”

दुसरी तबकडीही सुखरूप पार पडली. सूनबाईला धीर आला आणि तिथेच घात झाला. तिसरं गाणं ‘दार’ या शब्दाने सुरू व्हायचं. तिने फोनवर ‘दार’ एवढंच टाकलं, जे पहिलं वर आलं त्यावर बोट ठेवलं, आणि चहा उतू जातोय म्हणून गॅसकडे धावली.

बाहेर खरखर सुरू झाली. मग एक बाजाची पेटी. मग एक कातर, जुना, रडवेला बायकी आवाज:

‘दार लोटिता दिवा विझे का, कुणी मला सांगेल?
आत गारठा, आत एकटा, कोण तिथे जागेल?’

सूनबाईच्या हातातली गाळणी चहात पडली. हे गाणं तिचं होतं.

ती एका फ्रीजच्या कंपनीत तक्रार विभागात होती. कंपनीच्या वाढदिवसाला प्रत्येक विभागाने फ्रीजवर एक गाणं करायचं असं फर्मान निघालं होतं. तक्रार विभागाला लोक सगळ्यात जास्त वेळा काय विचारतात, तर दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का? त्यावरच तिने चार ओळी लिहिल्या आणि फोनमधल्या एका ॲपला दिल्या. ॲपने विचारलं, काळ कोणता? तिने गंमत म्हणून ‘खूप जुना’ निवडलं. आवाज, पेटी, खरखर, सगळं त्या ॲपने अर्ध्या मिनिटात करून दिलं होतं.

ती धावत दाराशी आली, पण आता गाणं थांबवायची सोय नव्हती. निवेदकांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं होतं.

‘उरले-सुरले झाकुन ठेविले उद्याकरिता काही,
चार दिवसांनी दार उघडिता ओळख पटली नाही.’

गाणं संपलं. पोस्टमास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

“नाना,” निवेदक दबक्या आवाजात म्हणाले, “हे तुमच्याकडे आहे?”

नानांनी एकदा तबकडीकडे पाहिलं, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे. “आहे,” ते म्हणाले. “म्हणजे... होतंच.”

“आणि इतकी वर्षं बोलला नाहीत! अहो, या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला मी हजर होतो. बाईंना ताप होता. शेवटची ओळ गाताना त्या रडल्या आणि तबलजी वाजवायचा थांबला. ऐकलंत ना, शेवटी तबला नाहीये.”

तबला पहिल्यापासूनच नव्हता.

“‘ओळख पटली नाही’,” पोस्टमास्तर पुटपुटले. “मी बदलीच्या गावाहून चार दिवसांनी घरी आलो होतो, तर आमच्या आईने मला ओळखलं नाही हो. तेव्हा हेच गाणं शेजारच्या रेडिओवर लागलं होतं.”

आता डॉक्टरांना मागे राहणं शक्यच नव्हतं. “या बाई माझ्याकडे यायच्या,” ते म्हणाले. “अक्कलदाढ काढली मी त्यांची. खुर्चीत बसल्या बसल्या हेच गुणगुणत होत्या.”

“तोंड उघडं असताना?” सूनबाईच्या तोंडून निघून गेलं.

“त्या काळचे गायक होते ते,” डॉक्टर म्हणाले. आणि आपण नानांच्या पदरात माप टाकलं हे लक्षात येऊन लगेच उठले. “तबकडी बघू जरा.” त्यांनी लेबल डोळ्यांजवळ नेलं. “इथे तर भलतंच गाणं लिहिलंय!”

नानांच्या कपाळावर घाम आला. निवेदकांनी मात्र तबकडी शांतपणे हातात घेतली.

“तेव्हा लेबलं माणसं चिकटवायची, डॉक्टर. गाण्यात इतकी रंगून जायची की हमखास चुकायची. आता यंत्रं चिकटवतात. एक चूक होत नाही. भावनाच नाही कुठे! नाना, पुन्हा लावा.”

नानांनी पुन्हा सुई टेकवली. सूनबाईने गाणं लावायला फोन वर घेतला आणि नेमका त्याच वेळी फोन वाजला. वाजला तोही कपाटातल्या स्पीकरमधून. तबकडीतून एकदम घंटा घणघणली. गोंधळात तिचं बोट नको तिथे पडलं.

“अगं, गेले का ते म्हातारे?” रेकॉर्ड प्लेअर मोठ्याने म्हणाला. “का अजून रडारड चालूच आहे? हवा भरून भरून टायर फुटायची वेळ आली!”

तबकडी गरागरा फिरत होती. डॉक्टर ताडकन उठले, कपाटात हात घातला आणि वाटीएवढा स्पीकर बाहेर काढला. मग त्यांनी चष्मा पुसून सुईचा हात उलटा करून पाहिला, दात तपासावा तसा.

“टोकच नाही,” ते म्हणाले. “निवेदकसाहेब, आपली चक्क फसवणूक झाली आहे.”

नाना मान खाली घालून बसले. इस्त्रीच्या सदऱ्यात ते एकदम लहान दिसायला लागले. सूनबाईला भडभडून आलं. ती पदर खोचून पुढे झाली.

“नानांना काही माहीत नाही. सुई माझ्या हातून मोडली आज सकाळी. गाणी मी फोनवर लावत होते.”

“सगळी?” निवेदकांनी विचारलं. मघाची ती ऊब आठवून त्यांचा चेहरा थोडा उतरला.

“सगळी. आणि ते शेवटचं तर गाणंच नाही हो. ते मी केलंय. मागच्या मंगळवारी. फ्रीजवर.”

“फ्रीजवर बसून?” पोस्टमास्तरांनी विचारलं.

“नाही हो, फ्रीजविषयी! दिवा म्हणजे फ्रीजमधला दिवा. उरलेसुरले म्हणजे उरलेली भाजी. चार दिवसांनी डबा उघडला की ओळखू येत नाही ना, ते! हे बघा, माझं नाव, ही तारीख.” तिने फोन निवेदकांच्या नाकासमोर धरला.

निवेदकांनी पोस्टमास्तरांकडे पाहिलं. पोस्टमास्तरांनी डॉक्टरांकडे पाहिलं. बाईंना ताप आला होता, आईने ओळखलं नव्हतं, अक्कलदाढ निघाली होती. एवढं सगळं घडून गेल्यावर आता मागे फिरायचं कसं?

निवेदक हसले. रेडिओवर मोठी बातमी सांगण्याआधी हसावं तसं, गंभीरपणे.

“बाळ, ही तारीख फोनमध्ये चढवल्याची. हल्ली जुनी गाणी कुणीही उचलतं आणि स्वतःच्या नावावर लावतं. तुझा दोष नाही. पण ‘आत गारठा, आत एकटा’ हे लिहायला माणसाने आयुष्य सोसलेलं असावं लागतं.”

“मी आठ वर्षं तक्रार विभागात आहे,” सूनबाई म्हणाली.

“तुमच्या पिढीला हे शब्द सुचणार नाहीत गं,” पोस्टमास्तर मायेने म्हणाले. “तू वाईट वाटून घेऊ नकोस.”

“डॉक्टर, तुम्ही सांगा ना!” तिने शेवटचा आधार शोधला. डॉक्टरांना तर नानांची फजितीच हवी होती. पण डॉक्टर दोन मिनिटं नुसते स्पीकरकडे पाहत राहिले. फसवणूक सिद्ध करावी तर अक्कलदाढ खोटी पडते, आणि अक्कलदाढ ठेवावी तर बैठक जाते. शेवटी माणसाला स्वतःची गोष्ट जास्त प्यारी असते.

“उजवीकडची, खालची,” ते खोल आवाजात म्हणाले. “मुळं वाकडी होती. मी विसरणं शक्य नाही.”

झालं. निवेदकांनी तिथल्या तिथे निर्णय दिला. ज्या घरात इतकं दुर्मीळ गाणं सुनेलासुद्धा मुखोद्गत आहे, त्याच घरात मंडळ भरेल. पुढच्या रविवारी ते स्वतः ‘मी अनुभवलेलं एक ध्वनिमुद्रण’ या विषयावर बोलतील. डॉक्टरांनी बाईंच्या दाढेवर दहा मिनिटं बोलावं अशी विनंतीही झाली आणि डॉक्टरांनी ती जड मनाने मान्य केली.

सगळे गेले. सूनबाई कप उचलत राहिली. नाना तबकड्या पाकिटात घालत होते.

“नाना, माझं चुकलं,” ती शेवटी म्हणाली. “खरंच चुकलं. उद्या ऑफिसातून येताना नवी सुई घेऊन येते.”

“मंगळवारपासून भाजी चिरताना तू तेच गुणगुणत होतीस,” नाना म्हणाले.

सूनबाईने कप खाली ठेवले. “म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? इतक्या वर्षांत ते लोक पहिल्यांदा माझ्या घरात नवं काहीतरी ऐकून रडले.” नानांनी बारावी तबकडी पाकिटात सरकवली आणि दाराकडे पाहून आवाज एकदम खाली आणला. “कुणाला सांगणार नसशील तर सांगतो. बावीस वर्षं मी ही बाराच गाणी ऐकतोय. कंटाळा आलाय गं मला. जीव नकोसा झालाय.”

सूनबाई त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसलीच. त्या खुर्चीत रविवारी निवेदक बसायचे, तिथे ती आजवर कधी बसली नव्हती.

“मग सुई?”

“घाई काय आहे?” नाना म्हणाले. त्यांनी प्लेअरचं झाकण लावलं, त्यावर स्वतःचा चहाचा कप ठेवला आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली. “पुढच्या रविवारी एकाच गाण्यावर भागणार नाही. वॉशिंग मशीनवर काही सुचतंय का बघ. पण जरा जुन्यातलं.”