जिभेतली चांदी

रंगनाथकाका सोनारांच्या तोंडून आधी आवाज येई, मग शब्द. टक्! त्यांच्या जिभेत मधोमध चांदीची तार होती, वर-खाली ज्वारीच्या दाण्याएवढे दोन मणी. होकार असेल तर एक टक्, नकार असेल तर दोन. विचारात पडले की टकटक थांबतच नसे.

दोन हजार साली मी वसमतला दातांचा दवाखाना टाकला, तो नेमका त्यांच्या दुकानाच्या माडीवर. वर मी दात वाचवणार आणि खाली हा माणूस दिवसभर स्वतःचे फोडत बसणार. माझे पेशंट आधी त्यांनाच विचारत, "डाक्टरीणबाई कशी हाय?"

"हात हलका हाय," काका सांगत आणि तुटका दात दाखवून हसत. अर्धे पेशंट तिथूनच माघारी जात.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना आरसा दाखवला. "काका, ती तार काढा. पुढच्या दाताचा टवका उडालाय. मणी घासून खालच्या हिरड्या आतून सरकल्यात, मुळं उघडी पडलीत. खालचे चार दात जातील."

टक् टक्.

"का नाही?"

"नवस हाय."

किराणावाल्याला त्यांनी सांगितलं होतं, चांदीनं उष्णता कमी होते. एका कॉलेजच्या पोराला म्हणाले, फॅशन हाय. ते पोरगं 'मला पण टोचा' म्हणून दुकानात ठाण मांडून बसलं, तेव्हा मात्र चिडले. "मी लेकरांचे कान टोचतो. जीभ फक्त माझी."

ते खरंच होतं. अर्ध्या गावाचे कान त्यांच्याच हातचे. लेकरू रडायला तोंड उघडेपर्यंत तार आरपार गेलेली असे.

तीन वर्षांनी हिरडी सुजली तेव्हा कुठे काका माडी चढले. खालचे चारही दात हलत होते. मी म्हटलं, "आज तार काढल्याशिवाय सोडत नाही."

काकांनी तोंड मिटलं. मग म्हणाले, "बाई, ह्याच जिभेनं सुनंदाला बोललो. तिनं हट्टा गावच्या पोराशी लग्न लावलं, आपल्या मनानं. म्हटलं, ह्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई. गेली लेक. मंग आरशासमोर बसलो अन् जीभ टोचली. ती येईपत्तोर तार काढायची न्हाई."

"हे तिला माहीत आहे?"

टक् टक्.

माझं डोकंच फिरलं. "अहो, मग तिला काय स्वप्न पडणार आहे? दात तुमचे चाललेत आणि पोरीला पत्ताच नाही! निरोप तरी धाडा."

"कोणत्या तोंडानं?"

त्या तोंडाकडे बघत मी गोळ्या लिहून दिल्या आणि रविवारी हट्ट्याची एसटी धरली.

सुनंदानं चहा दिला. मी सगळं सांगितलं. तिची पाचेक वर्षांची मुलगी अंगणात खेळत होती. तिचे कान मोकळेच.

"हिचे कान नाही टोचले?"

"टोचणार कोण, ताई? दुसऱ्या सोनाराची तार मी लावू देत न्हाई."

घ्या! बापाची जीभ टोचलेली, नातीचे कान कोरे, आणि मध्ये एसटीचा जेमतेम तासाभराचा रस्ता. दोघांनाही एकेक चापट मारावीशी वाटली.

आठ दिवसांनी खाली टकटक सुरू झाली, ती थांबेचना. मी जिना उतरले. सुनंदा उंबऱ्याच्या बाहेर उभी होती, लेकीचा हात धरून.

"बाबा, हिचे कान टोचायचे हायत."

काका उठले. तोंडात बोटं घालून त्यांनी मण्याची फिरकी सोडवली आणि तार तराजूच्या पारड्यात ठेवली. मग म्हणाले, "आत ये, बाई." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून नुसते शब्द आले.

नातीला मांडीवर घेतलं खरं, पण काकांनी कानाची नवी तार माझ्यापुढे धरली. "डाक्टरीणबाई, तुमचा हात हलका हाय, तुमीच..."

"मुळीच नाही," मी म्हटलं आणि त्यांचं मनगट घट्ट धरलं. तार त्यांनीच घातली, दोन्ही कानांत.

पोरगी रडली नाही. काकाच रडले, मोठ्यानं, तोंड उघडं टाकून. खालचे चारही दात हलताना मला स्पष्ट दिसत होते. त्या दिवशी मी दातांबद्दल काही बोलले नाही.